एकेकाने बोला

इस्रायलमध्ये बेर्शेबाला गेलो तेव्हा माझ्याजवळ एक पीएच.डी., दोन स्वेटर आणि एक शंका होती. वाळवंटात स्वेटर कशाला, असं पुण्यात सगळेच म्हणाले होते. जानेवारीत मी दोन्ही एकावर एक घालून बसत असे. पीएच.डी.चा तेवढाही उपयोग झाला नाही. शंका मात्र कामाची निघाली, कारण विद्यापीठाने मला तिच्यासाठीच दोन वर्षांकरता बोलावलं होतं.

मोबाइल फोन तेव्हा नुकते सगळ्यांच्या हातात आले होते, आणि आम्ही काम करत होतो ते टॉवर नसलेल्या नेटवर्कवर. म्हणजे असं समजा, की मोकळ्या रानात पुष्कळ रेडिओ विखुरले आहेत. मधे टॉवर नाही, तार नाही. एकाचा निरोप लांबच्याला पोचवायचा तर मधल्यांनी तो हातोहात पुढे द्यायचा. अडचण एवढीच, की हवा सगळ्यांची एकच. जवळजवळचे दोघे एकाच वेळी बोलले की तिसऱ्याला दोघांचंही काही कळत नाही, नुसता गलका. म्हणून जुना नियम असा, की एक बोलतो तेव्हा आसपासच्यांनी गप्प बसायचं. नियम सभ्य आहे. पण संख्या वाढत गेली की प्रत्येकाच्या वाट्याला बोलणं कमी आणि गप्प बसणं जास्त येतं, आणि गर्दी फार झाली की सगळं नेटवर्क म्हणजे एकमेकांसाठी थांबलेल्या सभ्य लोकांचा जमाव होतो. माझी शंका ही होती, की ऐकणाऱ्यालाच जर एकाच वेळी आलेले चार-पाच निरोप वेगवेगळे करून घेता आले, तर या गर्दीची किती सुटका होईल? एवढंच. आमच्या क्षेत्रात एवढंच म्हणायला ग्रीक लिपी लागते, आणि प्रस्तावनेत मानवजातीचं भवितव्य यावं लागतं.

आमच्या गटाची बैठक सोमवारी असे. प्राध्यापक सँडल घालून यायचे, टेबलावर बसायचे, आणि मग सगळे एकदम बोलायला लागायचे. एक जण फळ्यावर लिहीत असे, दुसरा ते पुसत असे, तिसरा दोघांनाही मूर्ख ठरवत असे, आणि प्राध्यापक तिघांना एकाच वाक्यात उत्तर देत असत. भांडण चाललंय असं मला आधी वाटलं. ते कामकाज होतं. दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर आपण बोलावं, हे मी घरी शिकलो होतो आणि पुढे त्याच विषयात पदवीही घेतली होती: आधी ऐका, हवा मोकळी असेल तर बोला, नसेल तर थांबा. मी थांबलो. हवा मोकळी झाली नाही. हिवाळा गेला.

एकदा प्राध्यापकांनीच विचारलं, "तू कशाची वाट बघत असतोस?"

"कोणीतरी थांबण्याची."

"इथे? मग योम किप्पूरला ये, त्या दिवशी सगळा देश उपास करून गप्प असतो," ते म्हणाले, आणि फळ्याकडे वळून मधूनच कुणाच्या तरी वाक्यात शिरले.

त्यामुळे दिवसभरात माझं बोलणं होई ते संध्याकाळी, घरी, मावशींशी.

मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, जन्म अलिबागजवळचा, लग्न भायखळ्यात, आणि साठच्या दशकात नवऱ्याबरोबर दोन लहान मुलांना घेऊन इकडे आलेल्या. आधी सरकारने डिमोनाला नेऊन ठेवलं, मग त्या आपण होऊन बेर्शेबाला आल्या. नवरा वारला, मुलं लग्नं करून गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांतली मागची खोली रिकामी राहिली. विद्यापीठातल्या एका कारकुनाने "तू इंडियाचा ना, मग हिला फोन कर" असं म्हणून नंबर दिला होता. मी फोन केला तर बराच वेळ वाजत राहिला. प्रत्यक्ष जाऊन दार ठोठावलं, तेही पुष्कळ वेळ. शेवटी शेजाऱ्याने त्यांना गॅलरीतून हाक मारली, तेव्हा दार उघडलं.

मी आजी म्हटलं तर त्यांना आवडलं नाही. "आजी म्हणायला माझी नातवंडं हायत. ती हिब्रूत सावता म्हणतात ते सोड. तू मावशी म्हण."

त्यांची मराठी मला फार आवडायची. ती ज्या दिवशी बोटीत चढली तशीच राहिली होती. त्यांच्या बोलण्यात अजून इस्टोव्ह होता, हास्पिटल होतं, आणि भायखळ्याहून ट्राम सुटत होती. ट्राम माझ्या जन्माआधीच बंद झाली असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं झालं, लई गर्दी व्हायची," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ट्रामने गेल्या.

मी डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला कान दाखवला. मी म्हटलं, मी तसला डॉक्टर नाही. "मग कसला?" रेडिओचा, म्हटलं. "मग रेडिओ बघ," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातला बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणून दिला. तोही मला दुरुस्त करता आला नाही.

कान मात्र खरंच गेला होता. दोन्ही. म्हणजे अगदी ठार नव्हे. शांत खोलीत, समोर बसून, मराठीत एकच माणूस बोलत असेल तर त्यांना सगळं कळायचं. थोडं कान ऐकत, थोडं डोळे, आणि उरलेलं त्या जुळवून घेत. पण दोन माणसं एकदम बोलली की संपलं. सरकारी दवाखान्यातून त्यांना ऐकायचं यंत्र मिळालं होतं. ते टाचण्यांच्या डब्यात पडून असे. "ते लावलं की भांडी बोलतात, माणसं नाय," त्या म्हणत. मला ते लगेच पटलं. सगळाच आवाज मोठा करून उपयोग नसतो, वेगवेगळा करावा लागतो. माझा पगार याच वाक्यावर चालला होता.

आणि हे कोणाला कळता कामा नये, अशी मला ताकीद होती. विशेषतः लेकीला. लेक किर्यात मलाखीला राहायची, शाळेत नोकरीला होती, आणि तिने आईला बजावून ठेवलं होतं, की तू एकटी राहू शकत नाहीस असं मला दिसलं त्या दिवशी मी तुला घेऊन जाणार. मावशींना जायचं नव्हतं. इथे पायी जाण्याजोगं त्यांचं सिनेगॉग होतं, जिथे अजून काही म्हाताऱ्या मराठीत एकमेकींची चौकशी करायच्या. इथे त्यांचं स्वयंपाकघर होतं आणि गॅलरीत डब्यातला कढीपत्ता होता. लेकीचं घर चांगलं होतं, पण ते लेकीचं होतं. "तिच्याकडं मला खुर्ची हाय," त्या म्हणाल्या. "इकडं मला घर हाय."

मी कशाला लेकीला सांगतोय? त्या गेल्या असत्या तर माझं तरी मराठीत बोलणं कोणाशी होणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र परीक्षा असे. त्या दिवशी सगळे यायचे आणि मुक्कामाला राहायचे, कारण सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग शनिवार संध्याकाळपर्यंत बस नाही आणि घरात गाडी चालवण्यावर मतभेद. लेक यायची, डिमोनाहून मुलगा यायचा, तो तिथल्या खनिजाच्या कारखान्यात पाळीवर होता. त्याची बायको, आणि त्यांची मुलगी, जी तेव्हा सैन्यातली सक्तीची नोकरी संपवत आली होती. दिवे लागायचे, वाइनवरची प्रार्थना व्हायची, आणि मग हात फिरायचे. ही त्यांची जुनी रीत. मावशी दोन्ही हात पुढे करायच्या, शेजारच्याने ते आपल्या हातात घ्यायचे, सोडले की दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची, आणि मग त्याने पुढच्याकडे वळायचं. असं करत हात टेबलाभोवती फिरून यायचे. पहिल्या शुक्रवारी मला माहीत नव्हतं. मी हस्तांदोलन केलं आणि "हाऊ डू यू डू" म्हणालो. त्यानंतर ती नात मला दर शुक्रवारी तेच विचारायची.

तेवढा वेळ घरात फक्त कुजबुज. मग नारळाच्या रसातला मासा यायचा आणि सोमवारची बैठक सुरू व्हायची. मुलगा बहिणीशी, बहीण भावजयीशी, नात सगळ्यांशी, हिब्रूत, एकाच वेळी, तोंडात घास असताना. मावशी टेबलाच्या टोकाला बसून सगळं चालवायच्या. कोणी त्यांच्याकडे बघून बोलायचं थांबलं की त्या मराठीत विचारायच्या, "आणि मग?" जगात असा माणूस नाही जो यावर आणखी बोलणार नाही. कोणाच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला की त्या त्याच्या ताटात मासा वाढायच्या. सगळे हसले की हसायच्या, अर्धा क्षण उशिरा. गलका इतका असे, की अर्धा क्षण कोण मोजतो.

मला त्यांनी आपल्या डाव्या हाताला बसवलं होतं. काही महत्त्वाचं असलं तर मी हळूच मराठीत सांगायचं. ही योजना शूर होती, कारण माझं हिब्रू बसचं तिकीट काढण्यापुरतं होतं. एकदा मी "तुमचा मुलगा नोकरी सोडतोय" असं सांगितलं. त्या घाबरून उठल्या. तो सिगारेट सोडत होता.

वसंतात एका दुपारी भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "तू तिकडं दिवसभर करतोस काय?"

मी टेबलावर शेंगा मांडल्या. हा एक रेडिओ, हा दुसरा. हा बोलतो तेव्हा याने गप्प बसायचं, नाहीतर या तिसऱ्याला काही कळत नाही. एकाने बोलायचं, शेजाऱ्यांनी थांबायचं, असा नियम. मग मी पुढे सांगायला लागलो, की हा नियम जुना, आणि आम्ही आता बघतोय ते निराळं, ऐकणाऱ्यालाच एकदम सगळ्यांचं...

पण मावशींनी शेंगा उचलायला सुरुवात केली होती. त्यांना पाहिजे होतं ते मिळालं होतं. "चांगला नियम हाय," त्या म्हणाल्या. "सरकारने केला?"

पुढच्या शुक्रवारी हात फिरून झाले, मासा आला, आणि मुलाने तोंड उघडताच मावशींनी ग्लासवर चमचा आपटला.

"एकेकाने बोला," त्या म्हणाल्या. "एक बोलला की बाकीच्यांनी गप. हा रेडिओचा डाक्टर हाय, याच्या युनिव्हर्सिटीत असंच करतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या युनिव्हर्सिटीत काय करतात हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

नातीला खूप मजा वाटली. सैन्यात वायरलेसवर बोलतात तसं ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी "अवोर" म्हणायला लागली. म्हणजे माझं झालं, आता तू बोल. तिचा बाप म्हणाला, "मीठ दे, अवोर." थोडा वेळ हे चाललं. मग खरंच एकेक जण बोलायला लागला, आणि मला जाणवलं, की टेबलाचं काहीतरी बिघडतंय. मुलाने कारखान्यातल्या पाळीची गोष्ट सांगितली. ती दर आठवड्याला सांगायचा आणि फार रंगायची, पण आता सगळे ऐकत असल्यामुळे ती किती लहान आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं असावं. ती मधेच संपली. लेकीने शाळेचं काही सांगितलं, साक्ष दिल्यासारखं. सून म्हणाली, मला काही सांगायचं नाही. काटे-चमचे ऐकू यायला लागले. आणि जो बोलत होता तो, दुसरं कोणी बोलत नसल्यामुळे, बोलून झाल्यावर मावशींकडेच बघत होता.

मावशी खूश होत्या. त्यांनी मुलाचे ओठ वाचले, लेकीचे वाचले, "आणि मग?" दोनदा विचारलं. नियम जमत होता.

मग नात म्हणाली, की तिला काही सांगायचंय. ती कधी नव्हे ती खाली बघत होती, केस तोंडावर आले होते, आणि बोलत होती भराभर. मला त्यातले दोन शब्द कळले: सैन्य संपलं की, आणि बॉम्बे. इथली मुलं सैन्यातून सुटली की पाठीवर पिशवी टाकून हिमालयात जातात, हे मला ठाऊक होतं. पण ही आधी मुंबईला जाणार होती. मग अलिबाग आणि सावता हे शब्दही आले, आणि उरलेलं मी जुळवलं: ती सावताचं गाव शोधायला जाणार होती.

मी मावशींच्या कानाशी वाकून म्हणालो, "मावशी, मुंबई..."

"शू!" त्यांनी माझ्यावर चमचा रोखला. "एकेकाने!"

नातीने मान वर केली. डोळे भरले होते तिचे. तिने आजीला विचारलं, की तुझ्यासाठी तिथून काय आणू. हे तर मलाही पूर्ण कळलं.

सगळे मावशींकडे बघत होते. कोणी काही बोलत नव्हतं. एरवी अशी बातमी आली असती तर सून ओरडली असती, बापाने टेबलावर हात मारला असता, कोणीतरी "मुंबई" तीनदा म्हटलं असतं, आणि मावशींना ते चेहऱ्यांवरून, हातांवरून, कुठून ना कुठून मिळालं असतं. पण नियम होता.

मावशींनी तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न पाहिला, डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि मोठ्या मायेने तिच्या ताटात मासा वाढला.

"खा," त्या म्हणाल्या. "काटा बघून खा."

नंतरची शांतता मला चांगली आठवते, कारण त्या देशात ऐकलेली माझी ती पहिलीच.

लेक लहानपणी शिकलेल्या मराठीत, शब्द शोधत म्हणाली, "आई, तुला ऐकायला येत नाही."

"येतंय की."

"काय म्हणाली ती?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. आता मी बोललो: "मुंबईला चाललीय, मावशी. तुमचं गाव बघायला. तुमच्यासाठी काय आणू विचारतेय."

मावशींनी चमचा खाली ठेवला. मग त्या नातीकडे वळल्या. "मुंबईला?" एवढंच म्हणाल्या.

मुलगा बहिणीला हिब्रूत म्हणाला, सोड ना, आम्हाला दोन वर्षं माहीत आहे. बहीण म्हणाली, मला पण. सून म्हणाली, कोणाला माहीत नव्हतं? नातीने मला हे नंतर उलगडून सांगितलं, तेव्हा असं निघालं, की प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते दुसऱ्यापासून लपवत होता. लेकसुद्धा, कारण एकदा भावाला कळलं की तिला आपला शब्द पाळावा लागला असता. इतके दिवस ते जमलं ते गोंगाटामुळे. आता सगळ्यांना एकदम, एकमेकांसमोर, ऐकू आलं होतं. त्यावर काही न करणं शक्य नव्हतं.

मावशी त्या शरदातल्या सणांनंतर लेकीकडे, किर्यात मलाखीला गेल्या. भांडणं झाली नाहीत. भांडायला समोरच्याचं ऐकू यावं लागतं, असं त्याच म्हणाल्या. घर माझी मुदत संपेपर्यंत माझ्याकडे राहणार होतं, मग ते भाड्याने देणार होते. जाताना त्यांनी ऐकायचं यंत्र टाचण्यांच्या डब्यासकट नेलं आणि मला कढीपत्त्याबद्दल सूचना दिल्या.

माझं काम त्या घरात फार चांगलं झालं. तीन खोल्या, एक माणूस. अडथळा करणारं कोणी नाही. हवा पूर्ण मोकळी. आठवडेच्या आठवडे जात आणि माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं वाक्य दुकानदाराला म्हटलेलं असे. त्या काळात मी जे सिद्ध केलं ते थोडक्यात असं: जुन्या नियमात प्रत्येकाने हळू बोलावं, आवाज जवळच्याच शेजाऱ्यापुरता ठेवावा, म्हणजे कमी लोकांना गप्प बसावं लागतं. पण ऐकणाऱ्याला जर एकदम आलेले निरोप वेगळे करता येत असतील, तर हे उलटं होतं. मग आवाज लांबवर जाऊ द्यावा, जास्तीत जास्त लोक एकमेकांच्या टप्प्यात असू द्यावेत; ज्यांना आपण अडथळा म्हणत होतो तेच निरोप होतात. गर्दीचा त्रास संपत नाही, पण पुष्कळ कमी होतो. सुरुवातीला एकच ओळ घालावी लागते: ऐकणारा सगळ्यांचं वेगळं करू शकतो असं मानू.

"आणि नसेल करू शकत तर?" मी प्राध्यापकांना विचारलं.

"ते यंत्रं बनवणाऱ्यांचं काम," ते म्हणाले. "आपण मानायचं."

निबंध मी समुद्रकाठच्या एका हॉटेलातल्या परिषदेत वाचला. दारात मोठा फलक होता, गळ्यात पट्ट्या होत्या, आणि उद्‌घाटन करणारे गृहस्थ संवादाच्या नव्या युगाबद्दल इतका वेळ बोलले, की संवादाला वेळ उरला नाही. माझ्या खोलीत दहाएक लोक होते, सगळे परदेशी, सगळे शांत. कोणी मधे बोललं नाही. शेवटी एकाने चहा कुठे आहे ते विचारलं.

मावशींचा फोन गुरुवारी दुपारी यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी दचकलो, कारण फोनवर तर त्यांना काहीच ऐकू येत नसे.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुझं मला ऐकू येणार नाय. मी बोलते. बरा हायस ना?"

मग त्या थांबल्या. मी म्हटलं, "बरा आहे, मावशी."

"हां. जेवतोस ना नीट?"

थांबल्या. "जेवतो."

"कढीपत्त्याला पाणी घाल. लई घालू नको."

प्रत्येक प्रश्नानंतर त्या माझ्या उत्तराएवढी जागा सोडायच्या. बरोबर तेवढीच. मी कधी उत्तर दिलं नसतं तरी त्यांना कळलं नसतं. पण त्या जागेत गप्प बसणं मला जमत नसे.

मुदत संपायच्या सुमाराला एका फोनमध्ये त्यांनी कढीपत्ता आणून दे असं सांगितलं. शुक्रवारी सकाळी मी डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. स्टँडवरच्या पहारेकऱ्याने मातीत पेन खुपसून पाहिला, वास घेतला, आणि हे कशात घालतात ते विचारलं.

लेकीचं टेबल बेर्शेबाच्या दुप्पट होतं. तिच्या मुलांची मुलंही होती. नात हिंदुस्थानातून परत आली होती, नाकात चमकी घालून. प्रार्थना झाली, हात फिरले. मावशींच्या हातून ते माझ्याकडे आले, आणि त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरले. मग मासा आला आणि सगळे एकदम बोलायला लागले. नात फोटो दाखवत होती, लेक तिच्या हातातून ते ओढत होती, मुलगा पाळीची गोष्ट सांगत होता आणि ती पुन्हा लांब झाली होती. कोणी चमचा वाजवला नाही. मावशी मधल्या खुर्चीवर बसून एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नजर फिरवत होत्या. "आणि मग?" आता त्या विचारत नव्हत्या, गरज नव्हती.

मी वाकून म्हटलं, "गावाचं सांगतेय. तुमच्या घराची जागा सापडली म्हणतेय. तिथे आता..."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला दाखवले तिने फोटो. सांगितलंन पण सगळं, दुपारी, समोर बसून." मग टेबलाकडे हनुवटी करून म्हणाल्या, "आता चालू दे त्यांचं. काय बोलतात ते नाय कळत. कोण कोण हाय ते कळतं."

"इथे बरं आहे ना, मावशी?"

त्यांनी पाठ मागे टेकून पाहिली. "खुर्ची चांगली हाय," त्या म्हणाल्या.

शनिवारी अंधार पडल्यावर बस सुरू झाल्या तेव्हा मी परत आलो. सोमवारच्या बैठकीत, माझ्या शेवटच्या, फळ्यावरचा एक जण चुकीचं काहीतरी लिहीत होता. मी त्याच्या वाक्याच्या मधोमध बोलायला लागलो. कोणी वळूनही पाहिलं नाही. प्राध्यापकांनी आपलं वाक्य न थांबवता मला उत्तर दिलं, आणि मी ते न थांबता ऐकलं.

गुरुवारी दुपारी सामान बांधलेलं होतं. गॅलरीत कढीपत्त्याच्या डब्याचा गोल डाग राहिला होता. फोन वाजला.

"मी बोलतेय. निघालास?"

"उद्या निघतोय, मावशी."

"हां. सामान बांधलंस?"

"बांधलं."

"झाड लागलं इकडं. नवीन पान आलंय." मग त्या थांबल्या. हा प्रश्न नव्हता, तरी थांबल्या. मी रिसीव्हर कानाशी आणखी दाबून धरला. पलीकडे लेकीच्या घरातले आवाज येत होते, दोन-तीन जण एकदम बोलत होते, कोणीतरी हसत होतं. मावशी तशाच थांबून राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "ऐकतोय, मावशी."

"बरं तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.